बरं, या

टॅबलेट पहिल्यांदा बोलला तो सोमवारी, दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी. शिरूरच्या बायपासला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर एक सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. तिथं पाच माणसं आपापल्या स्क्रीनमध्ये मान घालून बसली होती. दाराशेजारच्या स्टुलावर चार्जिंगला लावलेला एक जुना टॅबलेट आपला आपण उजळला आणि बाईच्या आवाजात म्हणाला, "बरं, या."

पाची जणांनी माना वर केल्या. दारात कुणी नव्हतं.

"सुमैया, तुझं भूत बोलायला लागलं की गं," पप्पू म्हणाला आणि खो खो हसला. हसायला काय जातंय त्याचं! केंदूरचा गडी, कोड झकास लिहितो, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही.

सुमैया शिकलगारला हसू आलं नाही. आवाज तिचाच होता. दीड वर्षापूर्वी ह्याच ऑफिसच्या बाथरूममध्ये स्वतःला कोंडून घेऊन, घामाघूम होत तिनं तो रेकॉर्ड केला होता. ती टॅबलेटकडे बघत राहिली. पाऊण मिनिट गेलं असेल नसेल, तो पुन्हा वाजला. टुंग. टुंग. टुंग. टुंग. टुंग. दार लावलेलं बघून कुणीतरी कडी वाजवावी तसा, पाच वेळा. मग स्क्रीन काळी पडली आणि खालच्या दुकानातले हातोड्याचे ठोके तेवढे ऐकू यायला लागले.

ह्या टॅबलेटची हकिगत आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत केमिकलचे कारखाने आहेत. तिथं एखाद्या शेडमध्ये आग लागली, वायू सुटला, तर भोंगा होतो आणि आतली माणसं मोकळ्या मैदानात येऊन उभी राहतात. मग मोजणी होते. आत किती गेले होते, बाहेर किती उभे आहेत. आकडे जुळले तर ठीक, नाही जुळले तर तोंडाला मास्क बांधून राहिलेल्याला शोधायला कुणीतरी आत घुसायचं. पूर्वी हे वहीवर चालायचं. रविराज पलांडेनं पाच जणांची टीम जमवून त्याचं ॲप केलं. गेटवर टॅबलेट लावायचा; माणसानं कार्ड दाखवून आत येताना हिरवं बटण दाबायचं, 'आलो'; बाहेर पडताना निळं, 'जातो'. इतकं सोपं काम.

आणि पहिल्याच आठवड्यात ते तोंडावर आपटलं. एका कारखान्यातून टाइमकीपर मच्छिंद्र आबांचा फोन आला.

"ओ म्याडम, समदी माणसं आतच दिसत्यात. परवाची शिफ्ट बी आत, कालची बी आत. माझ्या गेटात काय जत्रा भरलीया व्हय?"

"बाहेर पडताना बटण दाबत नाहीत का ती, आबा?"

"न्हाई दाबत. आन् दाबणार बी न्हाईत. निघताना कोण 'जातो' म्हणतं का? हितं तर आत रिॲक्टर हाय. गेटात उभं ऱ्हाऊन 'जातो' म्हणायचं म्हंजी... तुमचं तुमीच बघा."

टीममध्ये आधी हशा पिकला, मग हसू ओसरलं. कारण त्या पाचांतलं कुणीही सकाळी घरातून 'जातो' म्हणून निघालेलं नव्हतं. दुसऱ्या कुणी कामगारांना बसवून शिकवणी दिली असती. रविराजनं बटण बदललं. 'जातो' पुसलं, 'येतो' लिहिलं. बाईचं कार्ड असेल तर 'येते'. आणि कुणी 'येतो' म्हटल्यावर समोरच्यानं मख्खासारखं गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून टॅबलेटनं उत्तर द्यायचं ठरलं, 'बरं, या.' टीममध्ये स्वच्छ आवाज सुमैयाचा, म्हणून ती बाथरूममध्ये गेली. दुसऱ्या दिवसापासून कुरकुंभात झाडून सगळी माणसं बटण दाबायला लागली. काही तर इतकी खूश झाली, की तो आवाज ऐकायला म्हणून चार-चारदा दाबायची.

त्या चार-चारदा दाबण्यानं यादीचा पार चुथडा व्हायला लागला. मग पप्पूनं एक नियम घातला. एका कार्डानं एकदा बटण दाबलं, की पुढचं एक मिनिट त्या कार्डाचं दुसरं काहीच धरायचं नाही. चुकून दाबलंय असं समजून सोडून द्यायचं.

आता सुमैयाचं काम टेस्टिंगचं. पप्पूसारख्यानं लिहिलेलं कुठं मोडतंय ते ग्राहकाच्या आधी शोधून काढायचं. तिच्या वडिलांचं, इनुसभाईंचं, सुऱ्याकात्र्यांना धार लावायचं दुकान आहे शिरूरच्या पेठेत. ते गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगतात, "आम्ही धार लावतो, आमची पोरगी धार बघते." तर त्या एका मिनिटाच्या नियमावर तिनं आठ प्रसंग लिहून काढले आणि एकेक चालवून पाहिला. सात पास झाले. आठवा असा होता: माणूस 'येतो' दाबून बाहेर पडला, काहीतरी आठवून मिनिटाच्या आत माघारी फिरला आणि त्यानं 'आलो' दाबलं, तर? तर ॲप ते 'आलो' धरत नव्हतं. माणूस आत आणि यादीत बाहेर. फेल.

शुक्रवार होता. ह्या टीमचं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांनी चालतं. त्या तुकड्याला स्प्रिंट म्हणायचं आणि तो संपायच्या दिवशी सगळ्या ओळी हिरव्या दिसल्या पाहिजेत असा दंडक. एकच ओळ लाल होती. रविराज खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. "अगं, कोण येतंय मिनिटात परत? शिफ्ट सुटली की गडी घराकडं पळत सुटतो. पुढच्या स्प्रिंटला घेऊ की." सुमैयालाही घरी पळायचं होतं. कारण सांगायला लाज वाटावी इतकं साधं, भाचीचा वाढदिवस होता. तिनं त्या ओळीपुढं 'स्किप' दाबलं. स्किप केलं की कारण लिहावं लागतं. तिनं लिहिलं, 'असं घडत नाही.' खाली तिचं नाव आपोआप पडलं.

पुढचा स्प्रिंट आला, त्याच्या पुढचा आला, आठवा प्रसंग तसाच पडून राहिला. आणि दिवाळीनंतर मच्छिंद्र आबांच्या कारखान्यात तीन नंबरच्या शेडमध्ये भडका उडाला. दुपारी तीन वाजून अकरा मिनिटांनी भोंगा झाला. यादीत एकेचाळीस, मैदानात एकेचाळीस. चार मिनिटांत मोजणी जुळली. सगळे सुखरूप, म्हणून आत कुणी गेलंच नाही. साडेपाचला शेडमागच्या बोळात म्हस्कू भिसे सापडला. ठेकेदाराकडचा हेल्पर, दौंडला राहणारा. धुरानं गुदमरून गेला होता.

चौकशीच्या कागदात आलं, की तीन वाजून चार मिनिटांनी हा माणूस बाहेर पडल्याची नोंद आहे, परत आल्याची नोंद नाही, त्याअर्थी तो चोरून आत शिरला. त्या बोळात तांब्याच्या तारांचं भंगार पडलेलं असतं, त्यामुळं कशासाठी शिरला हेही लोकांनी ठरवून टाकलं. आणि ॲपचं कौतुक झालं हो! चार मिनिटांत मोजणी! कारखान्यानं शाबासकीचं पत्र दिलं, रविराजनं ते फ्रेम करून भिंतीला लावलं, आणखी बारा कारखान्यांनी ॲप मागितलं.

तो कागद वाचला त्या दिवशी सुमैयाला आठवा प्रसंग आठवला होता. मिनिटात माघारी आला असेल तर? तिनं कुठं शोधलं नाही, कुणाला विचारलं नाही. टाकून दिलेल्या नोंदी सर्व्हरकडे जातच नाहीत, शोधून काय मिळणार, असं स्वतःला समजावून तिनं लॅपटॉप मिटला. खरं सांगायचं तर तिला बघायचंच नव्हतं. सहा महिने तिनं डोळ्यांवर कातडं ओढून काढले.

दाराशेजारच्या स्टुलावरचा टॅबलेट त्याच गेटवरचा. कारखान्यात नवा बसवला म्हणून तो परत आला होता. शुक्रवारी त्यातलं सगळं पुसून, कोरा करून दुसऱ्या कारखान्याला द्यायचा होता.

मंगळवारी तीन वाजून चार मिनिटांनी तो पुन्हा बोलला. सुमैया घड्याळ लावून बसली होती. 'बरं, या'नंतर चव्वेचाळीस सेकंद शांत. मग टुंग. मग सत्तेचाळिसाव्या सेकंदाला, पन्नासाव्या, त्रेपन्नाव्या आणि शेवटचा सत्तावन्नाव्या. तिनं आकडे कागदावर उतरवले आणि कागद उलटा घातला.

बुधवारी सकाळी दुकानाला निघताना अब्बा उंबऱ्यातून रोजच्यासारखं म्हणाले, "चल बेटा, आतूं." शिकलगारांच्या घरात दखनी बोलतात, 'आतूं' म्हणजे येतो; निघताना 'जातो' त्यांच्यातही कुणी म्हणत नाही. रोज ती आतूनच "हौ, आव" म्हणायची. त्या दिवशी ती ते म्हणाली नाही. अब्बा वळून थांबले. "क्या हुआ गे?" ती चुलीपाशीच उभी राहून म्हणाली, पोचल्यावर फोन करा. दुकान घरापासून पाच मिनिटांवर. त्यांनी डोकं हलवलं आणि गेले, आणि फोन येईपर्यंत तिनं चहाचा कप तोंडाला लावला नाही.

ऑफिसात रोज सकाळी उभ्याउभ्या एक मीटिंग होते. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, एवढंच प्रत्येकानं सांगायचं. सुमैयाची पाळी आली.

"अडलंय," ती म्हणाली.

"कशात?" रविराजनं विचारलं.

"म्हस्कू भिसेत."

कुणी हसलं नाही. पप्पूसुद्धा नाही. त्यानं मुकाट्यानं टॅबलेट केबलनं आपल्या लॅपटॉपला जोडला आणि दुपारपर्यंत त्यातनं डोकं वर काढलं नाही.

"सापडलं," अडीचच्या सुमाराला तो म्हणाला. "नाकारलेल्या नोंदी सर्व्हरवर जात नाहीत, पण टॅबलेटात साठून राहतात. तो रोज त्याच वेळेला त्या, त्यांच्या आधीच्या 'येतो'सकट, परत पाठवून बघतो, होत्या त्याच अंतरानं. आधीचं 'येतो' धरलं जातं म्हणून सुमैयाचा आवाज येतो. नंतरचं 'आलो' नाकारलं जातं, की टुंग. नाकारलं, की परत दुसऱ्या दिवशी. गेटवरही वाजत असणार, शिफ्ट सुटायच्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नसेल. एवढंच आहे. भूतबीत काही नाही."

त्यानं स्क्रीन फिरवली. म्हस्कू भिसे, आलो, नाकारलं. पाच ओळी, एकाखाली एक, सत्तावन्नाव्या सेकंदापर्यंत. माणसानं बटण दाबलं, धरलं गेलं नाही, म्हणून परत दाबलं. परत. परत. शेवटी कंटाळून आत गेला असणार. अजून तीन सेकंद थांबून एकदा दाबलं असतं, तर यादी बेचाळीस झाली असती, मैदानात एक कमी पडला असता आणि मच्छिंद्र आबांनी आरडाओरडा करून त्याला शोधायला माणसं घातली असती.

कारण सापडलं की भीती जाते, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या दुपारी तिथं यायला पाहिजे होतं. तीन वाजत आले तशी टाइप करणारी बोटं एकेक करून थांबली. तीन वाजून चार मिनिटांनी सुमैयाचा आवाज म्हणाला, "बरं, या." पप्पूनं कुणी न सांगता दाराच्या वाटेतली आपली बॅग उचलून मांडीवर घेतली. सुमैया दारापाशी उभी होती. तिला दिसत होतं सगळं. गेटाबाहेरचं लिंबाचं झाड, सायकली, एका सायकलीच्या हँडलवर ठेवलेला हात, मग थांबलेला हात. माघारी वळलेली पावलं. चव्वेचाळीस सेकंद झाले आणि ती बाजूला सरकली, वाट दिली. सरकल्यावर तिला कळलं, की आपण सरकलो. टुंग, टुंग, टुंग, टुंग, टुंग. कुणी कुणाकडं बघेना.

"चोर हजेरी लावून आत शिरतो का रे?" ती रविराजला म्हणाली. "तीही पाच-पाचदा?"

रविराजनं तिला बाल्कनीत नेलं. रविराज वाईट माणूस नाही, हे सांगून ठेवते. वाईट असता तर सुमैयाचं काम सोपं झालं असतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गेटांवरच्या टॅबलेटांत नियम आजच बदलू. आत्ता, ह्या घटकेला. पुढं कुणाचा जीव जायचा नाही. पण हे बाहेर काढलंस तर बाराही कारखाने जातील. ऑफिसला कुलूप लागेल. आणि सुमैया, त्या स्किपखाली तुझं नाव आहे. मी तोंडीच म्हणालो होतो."

"माहीत आहे."

"मग? गेलेला माणूस काय परत येणार आहे?"

रोज तीन वाजता तो माणूस ज्या दारात परत येतो, त्याच्या शेजारी उभं राहून आपण हे बोललो, ते त्याचं त्यालाच कळलं.

"तो चोर म्हणून गेलाय," सुमैया म्हणाली. "त्याच्या घरात माणसं असतील की."

"शुक्रवारी टॅबलेट पुसायचा आहे," रविराज म्हणाला. तिच्या डोळ्यांकडं न बघता म्हणाला.

गुरुवारी बाराच्या सुमाराला तिनं टॅबलेट ओढणीत गुंडाळून स्कूटीच्या डिक्कीत ठेवला आणि कुणाला न विचारता निघाली. न्हावरे, चौफुला, पाटस. ऊन असं, की डांबराचा वास नाकात बसला. पत्ता तिनं म्हस्कूच्या कार्डाच्या माहितीतून काढला होता. दौंडात गोपाळवाडीच्या रस्त्याला एका चाळीतली शेवटची खोली. दारात एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पन्नाशीची असेल. तिनं मान वर केली, पण हात थांबवले नाहीत.

"सारजाबाई भिसे?"

"व्हय. कोण पायजे?"

"मी शिरूरहून आले. कुरकुंभच्या गेटवरच्या मशीनचं काम करते."

"मला आता कुठं सही-बिही करायची न्हाई," सारजाबाई म्हणाल्या.

"सही नको मावशी. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

सारजाबाईंनी पोतं जरा ओढून तिला बसायला जागा केली. सुमैयानं सांगायला सुरुवात केली. बटणांचं सांगितलं, एका मिनिटाचं सांगितलं, आठव्या प्रसंगाचं सांगितलं. मी स्किप केलं म्हणजे काय केलं, ते दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्यापेक्षा घाण वाटलं. "माझ्यामुळं त्यांची नोंद राहिली. ते चोरून शिरले नव्हते. हजेरी लावून आत गेले होते."

शेंगा फोडणारे हात थांबले.

"चोर न्हवतं ते, ह्ये मला सांगाय आलाय?" सारजाबाईंचा आवाज चढला. "मला ठावं हाय ते! तीस वर्सं नांदले मी. जगाला सांगा की. गिरणीत दळाण घेऊन गेले तर बाया आपापली पिशवी उचलून पल्याड ठिवत्यात. भावकीतलं कुणी दारात फिरकत न्हाई. सा म्हैनं कुठं हुता तुमी?"

तिनं टॅबलेट बाहेर काढला, आपल्या फोनचं नेट त्याला जोडलं आणि तो दोघींच्या मध्ये पोत्यावर ठेवला. तीनला अजून थोडा वेळ होता. सारजाबाईंनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, तिच्यापुढं ठेवला आणि पुन्हा बसल्या. रागात होत्या तरी पाणी द्यायचं चुकल्या नाहीत.

तीन वाजून चार मिनिटं. "बरं, या," टॅबलेट म्हणाला.

चाळीत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. चव्वेचाळीस सेकंद किती लांब असतात, ते सुमैयाला तिथं कळलं. सारजाबाई स्क्रीनकडं बघतच नव्हत्या. त्या दाराबाहेर रस्त्याकडं बघत होत्या. मग पहिला टुंग झाला आणि त्या दचकल्या. पाचही झाले.

"ही टुंगटुंग?"

"त्यांचं बोट आहे मावशी. त्यांनी दाबलेलं."

सारजाबाईंनी पदराला हात पुसले आणि हिरव्या बटणावर हलकेच बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. 

"आन् 'या' म्हणाली ती बाई कोण?"

"मी."

"तुमी."

"हो. मीच म्हटलं, या." आणि मग सुमैयाला रडू आवरलं नाही. सहा महिने पोटात दाबून ठेवलेलं सगळं त्या पोत्यावर बसून बाहेर आलं. सारजाबाईंनी तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, उठूनही गेल्या नाहीत.

"तुमचं ऐकून न्हाई आलं ते माघारी," तिचं रडणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळाच झाला होता, खोल गेलेला. "त्यांच्याजवळ काय घावलं हुतं, तुमाला ठावं हाय का? सामान पोलिसात हाय. मला कुणी काय सांगितलंच न्हाई."

सुमैयानं फोनवर चौकशीचा कागद काढला. ती ओळ तिनं पूर्वीही वाचली होती, तारा भरून न्यायला पिशवी आणली होती म्हणून पुरावा धरलेली. "कापडी पिशवी. आणि पिशवीत स्टीलचा डबा, रिकामा."

सारजाबाईंनी डोळे मिटले.

"त्या आठवड्यात दोनदा डबा इसरून आलं हुतं. तिथंच मागं धुवायच्या नळावर ऱ्हायचा. त्या दिशी सकाळी मी डबा हातात दिला आन् म्हणलं, आज इसरला तर घरी येऊ नका." त्यांनी एक शेंग उचलून परत ठेवली. "हसून न्हाई म्हणलं. चिडून म्हणलं."

कुकरची दुसरी शिट्टी झाली. सुमैया ह्या बाईला हलकं करायला आली होती, निदान स्वतः हलकी व्हायला तरी. आता दोघींच्याही छातीवर धोंडा होता आणि तो तिनंच डिक्कीत घालून आणला होता. टॅबलेट उद्या पुसला गेला असता, तर ह्या माउलीला हे कधी कळलंच नसतं.

"मावशी, हे कुणाला सांगायला नको," ती घाईनं म्हणाली. "मी फक्त नोंदींचं लिहिते. तेवढ्यानं होईल."

"तेवढ्यानं कसं हुईल?" सारजाबाई म्हणाल्या. "मग माघारी कशाला आला म्हून इचारतील. तवा काय सांगशील? तारा? लिव. मी म्हणाले ते बी लिव."

आतापर्यंतचं 'तुमी' गळून पडलं होतं, ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

सुमैयानं लॅपटॉप उघडला. चूक कळवायचा टीमचा एक फॉर्म असतो. तो भरून पाठवला की पुसता येत नाही. तो तिनं रविराजच्या नावे उघडला, त्यात कारखान्याचा पत्ता घातला, चौकशी केलेल्या सरकारी ऑफिसचा घातला, बाराही कारखान्यांचे घातले. कुणाच्या लक्षात आलं होतं: सुमैया शिकलगार. कुणी सोडून दिलं: सुमैया शिकलगार. दिलेलं कारण: असं घडत नाही. मग पाच नोंदींचा फोटो. मग घडलं ते क्रमानं. माणूस 'येतो' म्हणून बाहेर पडला. त्याला नळावर राहिलेला डबा आठवला. बायकोनं सकाळी बजावलं होतं म्हणून तो माघारी फिरला. पाच वेळा 'आलो' म्हणाला. एकदाही धरलं गेलं नाही.

शेवटी एक रकाना उरला. तिथं तिनं लिहिलं, 'दुसरी नोंद धरली जायला हवी होती.'

"वाचून दाखव," सारजाबाई म्हणाल्या.

तिनं पहिल्यापासून सगळं वाचलं. स्वतःच्या रागाचं वाक्य आलं तेव्हा सारजाबाईंनी नुसती मान हलवली. शेवटच्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"ह्ये काय?"

"इथं काय व्हायला पाहिजे होतं, ते लिहायचं असतं."

"मग ह्ये न्हवं ते."

"मग काय लिहू?"

सारजाबाईंनी फोडलेल्या शेंगांची टरफलं मुठीत गोळा केली. मूठ तशीच धरून ठेवली.

"घरी यायला पायजे हुतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "डबा नसला तरी."

सुमैयानं आपली ओळ पुसली. त्या जागी सारजाबाई बोलल्या ते, बोलल्या तसंच लिहिलं, आणि फॉर्म पाठवून दिला.